चौघींची मांडणी

"सरक माझ्या राजा, सरक माझ्या राणी,
एका पांघरुणाखाली सात पाखरांची गाणी."

आईचा हा आवाज मास्तरांच्या कानात अजून होता. दिवसभराच्या कामानं घोगरा झालेला, अर्धा गाण्यातला, अर्धा जांभईतला. सात भावंडं आणि एक पलंग. त्यात कुणा पाहुण्याचं मूल आलं तरी आई म्हणायची, सरका जरा, सगळे मावतात. आणि मावायचे. एकाचे गुडघे दुसऱ्याच्या पोटात, तिसरीची वेणी चौथ्याच्या तोंडात, पण मावायचे. त्याला आता पन्नास वर्षं झाली. पलंग गेला, आई गेली. मास्तर मात्र सगळा जन्म त्या एका वाक्यावर काढत आले.

कामही नेमकं तसंच मिळालं. कपड्यांच्या कारखान्यात ते कटिंग मास्तर. लांबलचक टेबलावर कापडाचे साठ थर अंथरायचे आणि वर कागदाचे साचे मांडायचे. पाठ, पुढा, बाही, कॉलर. असे मांडायचे की दोन साच्यांच्या मध्ये बोटभर कापड वाया जाऊ नये. आधी मोठे तुकडे बसवायचे, मग उरलेल्या फटींतून लहान. खिशाची झडप सगळ्यांत शेवटी. ती बिचारी कुठंही बसते.

आणि याच कारखान्यात बायकांचा फुटबॉल संघ होता. गेली बारा वर्षं त्याचे प्रशिक्षक मास्तरच. कुणी नेमलं नव्हतं. पहिल्या वर्षी त्यांनी जर्सी कापून दिल्या, त्या धावताना अंगाला नीट बसतात का बघायला मैदानावर गेले, ते तिथंच राहिले.

यंदा त्या संघानं त्यांच्या नाकी नऊ आणले होते. दुसऱ्या कुठल्या प्रशिक्षकाला सांगितलं असतं तर त्याला हेवा वाटला असता, असं ते दुखणं होतं. पुढं खेळणाऱ्या बायका फार झाल्या होत्या.

पलीकडच्या रस्त्यावरचा कारखाना बंद पडला आणि तिथल्या संघातल्या तिघी इकडं कामाला आल्या. तिघीही आघाडीच्या. पहिली तोफ. शिलाईत बसायची, खांद्यानं रुंद, आणि तिनं मारलेला चेंडू अडवणारी गोलकीपर दुसऱ्या दिवशी मनगट चोळत कामाला यायची. दुसरी घार. ही गोलाच्या तोंडाशी घिरट्या घालायची. वीस वीस मिनिटं ती मैदानात आहे की घरी गेली ते कळायचं नाही, आणि एकदम झडप. तिसरी भिंगरी. चेंडू पायाशी आला की चार जणींना गरगर फिरवून परत त्यातल्या पहिलीपाशी यायची, कारण पास नावाची गोष्ट असते हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

चौथी घरचीच होती. मास्तरांच्या थोरल्या बहिणीची मुलगी. काजं करण्याच्या मशीनवर बसायची. डाव्या पायानं खेळायची म्हणून सगळा कारखाना तिला डावी म्हणायचा. आठ वर्षं या संघाचे अर्ध्याहून जास्त गोल त्या डाव्या पायातून निघाले होते.

सुरुवातीच्या तीन सामन्यांत मास्तरांनी चौघींना पुढं सोडलं. देखणं दिसायचं. पण चेंडू हातचा गेला की मध्ये चिटपाखरू नाही. समोरच्या बायका बाजारात फिरायला निघाल्यासारख्या चालत यायच्या आणि गोल करून जायच्या. यांनी चार करावेत, त्यांनी पाच. एकीला तरी मागं घ्यायलाच हवं होतं. मास्तरांनी खाकी कागदाचे अकरा तुकडे कापले, टेबलाच्या रिकाम्या कोपऱ्यात मांडले, हलवले, पुन्हा मांडले. तोफ मध्ये, घार तिच्या खांद्याशी, भिंगरी उजवीकडं. बचावाची डावी कड उघडी होती आणि तिथं डाव्या पायाचं माणूस लागत होतं. एक सरकली की तिघी मावत होत्या.

भाचीला त्यांनी मैदानाच्या फाटकाशी गाठलं होतं.

"तुझा वेग पूर्वीसारखा राहिला नाही गं," ते म्हणाले होते. "वय होतंच माणसाचं. मागून खेळ. तिथं डोकं लागतं. दोन सामन्यांचा प्रश्न आहे."

बुटाची नाडी सुटलेली नव्हती तरी तिनं ती सोडून परत बांधली. मग म्हणाली, "बरं."

वेगाचं ते वाक्य खोटं होतं. मास्तरांना बोलतानाच माहीत होतं. पण खोट्यानं काम सोपं झालं. रडारड नाही, वाद नाही. आणि दोन सामन्यांचे सतरा झाले, कारण संघ जिंकायला लागला. कारखान्यांच्या लीगमध्ये आता ते पहिले होते. शनिवारचा शेवटचा सामना जिंकला की चषक. मॅनेजर साहेबांनी स्वतः खाली येऊन हात मिळवला. "मास्तर, चौघींना एका संघात बसवलंत. कमाल आहे तुमची." मास्तर हसले. त्या दिवसापासून त्यांना नीट झोप नव्हती.

आणि या सोमवारी कारखान्यातून घरी जाताना डावीनं सांगितलं, "शनिवारचा झाला की मी बूट ठेवून देणार, मामा. वेग नसलेल्या माणसानं जागा अडवून बसू नये."

मास्तर म्हणाले, "बघू."

बघू म्हणजे काय बघणार होते ते? सव्वीस वर्षांची पोरगी, मैदानाशिवाय जिला दुसरं कसलं वेड नाही, ती एका खोट्या वाक्यापायी खेळ सोडणार होती. ते वाक्य परत घेऊ शकणारा माणूस जगात एकच होता, आणि तो दमला होता.

*

गुरुवारी सुट्टीचा भोंगा झाल्यावर सराव होता. मैदान म्हणजे गोदामामागची सपाट जागा, एका बाजूला पत्र्याचं कुंपण. इस्त्री विभागातले इस्त्रीकाका चेंडूंची जाळी खांद्यावर टाकून आले. ते मास्तरांचे मदतनीस. बारा वर्षांत दोघांचं एकदाही एकमत झालेलं नव्हतं आणि भांडणही झालेलं नव्हतं.

"मास्तर, एक विचारू?" तोफ कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "चेंडू गेला की मी परत यायचं असं तुम्ही म्हणता. मी परत आले तर पुढं कोण?"

"घार आहे की पुढं."

"ती? तिला हाक मारली तरी ऐकू येत नाही."

"ऐकू येतं," घार लांबून म्हणाली. "उत्तर देण्यासारखं काही नसतं."

"बघा. आणि ही भिंगरी. परवा मी तीनदा हात वर केला. तीनदा. शेवटी पंचांना वाटलं मला काहीतरी होतंय."

"तू हात वर करतेस तेव्हा उन्हात आडोसा होतो, मला गोल दिसत नाही," भिंगरी म्हणाली. बायका हसल्या. तोफेलाही हसू आलं, पण तिनं ते गिळलं.

"मास्तर, मला मधून खेळवा," भिंगरीनं लगेच संधी साधली. "कडेला मला कोंडल्यासारखं होतं."

"मधून मी आहे," घार म्हणाली.

"तू आहेस का? मला वाटलं गोलाचा खांब आहे."

मास्तरांनी शिट्टी वाजवली. ती वाजली तीसुद्धा थकल्यासारखी. गळ्यातली मोजपट्टी काढायची राहून गेली होती, ती वाऱ्यावर फडफडत होती. एकेकीला त्यांनी समजावलं. तोफेला सांगितलं, तुझ्याशिवाय संघ नाही. घारीलाही तेच, जरा हळू आवाजात. भिंगरीला म्हणाले, पुढच्या वर्षी बघू. डावीला काही सांगावं लागलं नाही. ती आपल्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिली होती.

सराव सुरू झाला. डावीनं चेंडू काढून घेतला आणि कडेकडेनं निघाली. पत्र्याच्या कुंपणाला लागून, केस मागं, डोकं खाली, पाय जमिनीला टेकतायत की नाही कळू नये अशी. मध्यरेषेपर्यंत आली आणि थबकली. दावणीला हिसका बसावा तशी. मास्तरांचाच हुकूम होता तो, मध्यरेषा ओलांडायची नाही. चेंडू भिंगरीकडं ढकलून ती उलट्या पावली मागं गेली.

प्रत्येक साच्यावर एक बाण काढलेला असतो. तो कापडाच्या उभ्या धाग्याला धरून ठेवायचा, हे मास्तर नव्या माणसाला पहिल्या दिवशी शिकवत. तिरपा ठेवला तरी तुकडा फटीत बसतो, कापड वाचतं, शर्ट दिसायलाही बरा दिसतो. पहिल्या धुण्यात मात्र पिळवटतो, आणि मग कितीही इस्त्री करा. चौतीस वर्षांत त्यांनी एक तुकडा तिरपा कापला नव्हता. कापडाचा.

"पोरगी उतरलीय," इस्त्रीकाका शेजारी येऊन म्हणाले.

"दमली असेल."

"कशानं दमली? खेळानं माणूस असं दमत नाही. तुम्ही काही बोलला होतात का तिला?"

"मी कशाला बोलू?"

काकांनी त्यांच्याकडं बघितलं, आणि जाळीतले चेंडू मोजायला घेतले. मोजायची काही गरज नव्हती.

*

संध्याकाळचं जेवण मास्तर ताईकडं जेवत. बायको गेल्यापासूनचा रिवाज. दोन जिने चढून गेलं की ताईचं स्वयंपाकघर, खिडकीशी लहान टेबल, तीन खुर्च्या. त्यांतली एक डुगडुगणारी, ती मास्तरांची. आज तिसरी, डावीची, रिकामी होती.

"झोपली," ताई म्हणाली. "आल्या आल्या. जेवलीसुद्धा नाही."

"इतक्या लवकर?"

"पहाटे उठते ना. तुला माहीत नाही? सहा महिने झाले. कामाच्या आधी तासभर धावते. जिन्यावरून वर खाली, मग रस्त्यानं. मी म्हटलं, कोण मागं लागलंय तुझ्या? तर म्हणते, आई, वेग परत आणायचाय." ताईनं त्यांच्या ताटात भाजी वाढली. "गुडघे सुजवून घेतलेत. गरम पाण्याच्या पिशव्या करून मी दमले. कुठं हरवला म्हणे तो वेग? तू प्रशिक्षक आहेस, तुला दिसत असेल."

मास्तरांनी ताट जरा पुढं सरकवलं.

"चौघींना एका संघात बसवायचं म्हणजे कुणीतरी सरकावंच लागतं, ताई," ते म्हणाले. प्रश्नाचं हे उत्तर नव्हतं, हे दोघांनाही कळलं.

"आई म्हणायची तसं."

"हो. सगळे मावायचेच ना तेव्हा."

"मावायचे," ताई म्हणाली. "कडेला कोण झोपायचं, आठवतं का?"

मास्तरांना आठवेना. ते मधल्या जागेत झोपत, इतकंच आठवत होतं. ऊब असायची.

"मी," ताई म्हणाली. "थोरली म्हणून. आठवड्यातून दोनदा तरी खाली पडायचे. आवाज न करता परत चढायचे, तुम्ही उठाल म्हणून. आणि सकाळी आई जगाला सांगायची, माझी सात लेकरं कशी एका पलंगावर मावतात." तिच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. कुणी विसरलेला निरोप उशिरानं पोचवावा तसं तिनं ते सांगितलं, आणि ताटं उचलायला लागली.

मास्तर निघाले. भाचीच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. आत जाऊन उठवावं असं वाटलं. मग वाटलं, झोपू दे, दमलीय. चांगुलपणाच्या अशा सबबी त्यांना चटकन सुचत.

*

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत कटिंगची खोली रिकामी झाली. मशीनं बंद पडली की या खोलीत कापडाचा वास जास्त यायचा, कोरा, खळीचा. मास्तरांनी डबा उघडला नाही. टेबलाच्या कोपऱ्यातले अकरा खाकी तुकडे ते सकाळपासून हलवत होते. डावीला पुढं आणायचं तर तिघींपैकी एकीला बसवायला हवं. तोफेला बसवलं तर ती कारखाना डोक्यावर घेईल. घार काही बोलणार नाही, पण महिनाभर बोलणार नाही. भिंगरी मॅनेजरकडं जाईल. आणि चषकाच्या आदल्या दिवशी जमलेली घडी कोण मोडतं? त्यांनी पाचव्यांदा डावीचा तुकडा पुढं ठेवला आणि पाचव्यांदा मागं घेतला.

"मास्तर, वेळ आहे का?"

दारात तीच होती. कारखान्याच्या भिंतींच्या आत ती त्यांना मामा म्हणत नसे. नियम तिनंच केला होता, पहिल्या दिवशी, कुणी वशिला म्हणू नये म्हणून.

"ये की. जेवलीस?"

"जेवते मग." ती टेबलाच्या पलीकडं उभी राहिली. हातात घडी घातलेला कागद होता. "काकांची वही बघितली मी. दरवर्षी हंगामाच्या आधी ते आपल्या सगळ्यांची धाव मोजतात ना, गोदामापासून फाटकापर्यंत, ती. माझे आठ वर्षांचे आकडे उतरवून घेतले. आणि आज सकाळी काकांना सांगून परत धावले. त्यांनी घड्याळ लावलं."

मास्तरांना भीती वाटली नाही. सुटका झाल्यासारखं वाटलं त्यांना. कळलं हिला. आता आपल्याला सांगावं लागणार नाही. आता ही ओरडेल, आणि आपण ऐकून घेऊ.

"आकडा तोच आहे," डावी म्हणाली. "आठ वर्षं तोच. एखादा अंश इकडं तिकडं. गुडघा दुखत असूनही तोच."

"हं."

"म्हणजे वेग गेलेला नाही, मास्तर. तो कधी नव्हताच."

मास्तरांनी वर बघितलं. ती हसत होती. रागाचं हसू नव्हतं ते. वर्षानुवर्षांचा हिशेब लागल्यावर माणूस जसं दमून हसतं, तसं होतं.

"मी वेड्यासारखी सहा महिने गेलेली वस्तू शोधत होते. आता कळलं. इतकी वर्षं तुम्ही मला पुढं ठेवलंत ते भाची म्हणून. गोल पडायचे, कारण समोरचे संघही तसेच होते तेव्हा. खऱ्या खेळणाऱ्या आल्या तेव्हा तुम्हाला मला मागं घ्यावं लागलं. आणि तेही किती सांभाळून सांगितलंत, वेग राहिला नाही म्हणून. नव्हताच असं म्हणाला नाहीत." तिनं कागदाची आणखी एक घडी घातली. "मागं बायका काय काय बोलल्या असतील तुम्हाला. तुम्ही मला कधी कळू दिलं नाहीत. त्यासाठी आले. आभार मानायला."

खोलीत बाहेरच्या बोलण्याचा गलका येत होता. कुणीतरी डब्याच्या झाकणावर ताल धरला होता.

"उद्या मला बसवा," ती पुढं म्हणाली. "पॅकिंगमधली ती नवी आहे ना, तीही डावी आहे, मागं छान खेळेल. शेवटचा सामना खेळलेच पाहिजे असं काही नाही. चषक मिळाला की मी टाळ्या वाजवीन, त्यात काय."

मास्तरांना फक्त बरं म्हणायचं होतं. तिनं जसं तेव्हा म्हटलं होतं. एवढ्या एका शब्दात सगळं आपापल्या जागी बसत होतं. संघ तसाच राहिला असता, तिघी शांत, मॅनेजर खूश. आणि भाचीच्या मनात मामा आता पूर्वीपेक्षाही मोठा झाला होता. यापुढं जन्मभर ती त्यांचे उपकार मानत राहिली असती.

"तसं नाहीये गं," ते म्हणाले.

"राहू दे, मामा." नियम मोडून ती मामा म्हणाली, म्हणजे आता समजूत घालत होती. "मला वाईट वाटलेलं नाही. खरंच. उलट बरं वाटलं. उद्यापासून पहाटे झोपेन तरी."

ती वळली. दारापर्यंत सहा पावलं होती. सुजलेल्या गुडघ्यामुळं ती एका पायावर किंचित जास्त भार टाकून चालत होती, आणि ते लपवत होती.

"थांब," मास्तर म्हणाले.

ती थांबली.

"तुझा वेग होता. आहे. त्या तिघींना काकांनी कधी मोजलं नाही, त्या नंतर आल्या. मी मोजलं. पहिल्याच आठवड्यात, या इथं, खिडकीतून, मनगटावरच्या घड्याळात. तू तिघींच्याही पुढं होतीस. भिंगरीच्यासुद्धा. मला तेव्हा माहीत होतं."

"मला बरं वाटावं म्हणून नको बोलू, मामा."

"बरं वाटायला नाही बोलत. तुला वाईट वाटणार आहे." मास्तरांनी टेबलाची कड धरली. "मी तुझ्याशी खोटं बोललो. सतरा सामने बोललो. ताई काल म्हणाली तू पहाटे धावतेस, तेव्हाही गप्प बसलो. आत्तासुद्धा गप्प बसणार होतो."

डावीच्या हातातला कागद इतका लहान झाला होता की त्याची आणखी घडी होत नव्हती.

"का?" तिनं विचारलं.

कारणं तयार होती. डावा पाय. उघडी कड. चषक. सगळी खरी होती, आणि मास्तरांनी ती सगळी रात्री रात्री स्वतःला सांगून गुळगुळीत केली होती. त्यांतलं एकही त्यांच्या तोंडून आलं नाही.

"त्या तिघींपैकी कुणालाही मागं जा म्हटलं असतं, तर ती माझ्याशी भांडली असती," ते म्हणाले. "मला त्यांची भीती वाटली. तुझी वाटली नाही. तू बरं म्हणशील हे मला ठाऊक होतं. म्हणून मी तुला निवडलं."